मागची खोली

मोठा अजगर घरी आणायचा असेल तर पिल्लू आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लू फार देखणं असतं आणि तिथेच घात होतो. बर्मी अजगराचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू जेमतेम दोन फुटांचं. मनगटाला वेढा घालून बसलं की त्याच्या अंगावरची गडद तपकिरी नक्षी, डोक्यावरचा टोकदार डाग, सारखी आतबाहेर होणारी जीभ बघत राहावंसं वाटतं. इंग्लंडमध्ये असं पिल्लू विकत घेता येतं. मगर किंवा नाग पाळायचा म्हटलं तर इथे 1976 सालचा धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा आडवा येतो, स्थानिक कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. अजगर त्या यादीत नाही, आणि तो कितीही मोठा झाला तरी येत नाही. दुकानदाराने पुढचं सगळं खरंखरं सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या हातावर त्या वेळी असतात ते दोन फूटच. दोन-तीन वर्षांत त्याचे तीन मीटर होतात. मादी असेल तर चार, साडेचार, कधी पाचांच्याही पुढे जाते. आणि हे वीस-पंचवीस वर्षं चालतं. पिल्लू घेणारा माणूस ज्याला भुलतो तो प्राणी त्याच्याकडे फार थोडे महिने राहतो; उरलेली वर्षं त्याला एका वेगळ्याच जनावराबरोबर काढायची असतात, ज्याला त्याने निवडलेलं नसतं.

मोठा अजगर निवडता येतो. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. लांबी, वजन, स्वभाव, खोडी, जुने व्रण, सगळं समोर दिसतं. आणि असे मोठे अजगर, दुर्दैवाने, हवे तेवढे मिळतात. कुणी घर बदललं, कुणाला बाळ झालं, कुणाच्या घरमालकाने हरकत घेतली, कुणाला हिवाळ्याचं विजेचं बिल झेपेनासं झालं. प्राण्यांची निगा राखणाऱ्या संस्थांच्या दारात मग मोठाल्या प्लास्टिकच्या पेट्या येऊन पडतात. आम्ही आमची मादी जिथून आणली ते केंद्र मिडलँड्समधल्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. बाहेरून टायरचं गोदाम वाटावं अशी इमारत, आत शिरताच उबदार, दमट हवा, आणि भिंतीभर काचेमागे इतरांनी नाकारलेले जीव.

आम्हाला दोन अजगर दाखवले. एक नर, पिवळा-पांढरा, लाल डोळ्यांचा, ज्याला बघायला शाळेची मुलं येतात तो. बर्मी अजगरांत हा रंगहीन प्रकार पाळणाऱ्यांनी मुद्दाम वाढवला, आणि त्या एका रंगापायी किती पिल्लं जन्माला घातली गेली याचा हिशेब लावायला बसलं तर मन उदास होतं. दुसरी मादी. रानातल्या रंगाची, अकरा वर्षांची, सव्वाचार मीटर लांब, 38 किलो वजनाची. आधीच्या घरी ती फार लहान पेटीत होती. जाळीला नाक घासून घासून तिच्या थोबाडाच्या टोकावरचे खवले झिजले होते आणि तिथे एक पांढुरका वण कायमचा राहिला होता. तो वण बघितल्यावर माझ्या नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पण वण बघून कुणाला घरी आणत नाहीत. दया हे पाळण्याचं फार कच्चं कारण आहे. ती पहिल्या हिवाळ्यातच संपते. तिथल्या काकांनी तर आम्हाला खाली फरशीवर बसवलं आणि सांगितलं, आज काही ठरवू नका, नुसतं बघा.

बघायचं म्हणजे काय, ते त्यांनी शिकवलं. श्वास ऐकायचा. निरोगी अजगराचा श्वास जवळजवळ ऐकूच येत नाही; शिट्टी किंवा घुरघुर आली, तोंडाच्या कडेला फेस दिसला, की छातीचा आजार समजायचा. जबडे नीट मिटलेले हवेत. डोळ्यांवर जुन्या कातीचे पापुद्रे राहिलेले नसावेत. खवल्यांच्या फटींत, विशेषतः हनुवटीखाली, काळे बारीक किडे सरकताना दिसतात का ते भिंगाने बघायचं. अंग हातावर घेतलं की ते भरीव लागलं पाहिजे, आपल्या हाताला त्याने आपणहून धरलं पाहिजे. लोंबणारा अजगर आजारी असतो. शेपटी जिथे सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना एकेक नखी असते. कोट्यवधी वर्षांपूर्वी जे मागचे पाय होते त्यांची तेवढीच खूण राहिली आहे. तिच्या त्या नख्यांवरून मी बोट फिरवलं तेव्हा मला पहिल्यांदा ती परकी वाटेनाशी झाली. तिच्या खाण्याची वही मागून घेतली. कधी खाल्लं, काय खाल्लं, कधी नाकारलं, कात कधी टाकली. एका प्राण्याचं सगळं आयुष्य त्या वहीत तारीखवार होतं, आणि आधीच्या घरचे रकाने रिकामे होते.

मग ती चालली. जड अजगर लहान सापासारखा वळवळत जात नाही. तो सरळ रेषेत सरकतो. पोटाचे रुंद खवले पुढे ओढले जातात, जमिनीला रुततात, आणि आतली फासळ्यांसकट सगळी काया त्या कातडीच्या मागोमाग येते. बघताना असं वाटतं की ती जागची हलतच नाही, फक्त खोली तिच्याखालून मागे चालली आहे. ती माझ्या गुडघ्यापाशी आली, थांबली, जिभेने माझ्या पँटचा वास घेतला आणि वळून भिंतीकडे निघून गेली. तिला माझ्यात काही रस नव्हता. मला ते आवडलं. घरी परतताना गाडीत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही, पण ठरलं होतं.

अजगर मला नवा नव्हता. आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. मी सहा-सात वर्षांची असताना एका पावसाळी सकाळी आमच्या खुराड्यात अजगर सापडला. रात्री फळ्यांच्या फटीतून आत शिरला होता, कोंबडी गिळली, आणि पोट फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर निघता येईना. वाडीतली माणसं काठ्या घेऊन जमली. आजोबांनी खुराड्याच्या दोन फळ्या काढायला लावल्या आणि सगळ्यांना अंगणाच्या कडेला मागे सारलं. ‘त्याला वाट द्या,’ एवढंच म्हणाले. तो बराच वेळ निघाला नाही. मग निघाला, अंगण ओलांडलं, बांध चढला आणि राईत शिरला. माणसं एकमेकांशी न बोलता बघत राहिली होती. कोंबडीबद्दल आजी दिवसभर हळहळली, पण अजगराला कुणी शिवी दिली नाही.

तो भारतीय अजगर. माझ्या मागच्या खोलीतली त्याची सख्खी चुलतबहीण. 2009 पर्यंत तर अभ्यासक दोघांना एकाच जातीचे मानायचे. त्या वर्षी बर्मी अजगराला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगराला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत ठेवलं आहे. तिथे तो घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असलाच पाहिजे. ज्याचं रान शिल्लक आहे त्याला पेटीत घालायचा अधिकार कुणालाच नाही. माझा भाऊ फोनवर म्हणाला, ‘तुला तिकडे जाऊन हेच सुचलं?’ त्याला मी हेच सांगितलं. ही रानातून आणलेली नाही. तिच्या कितीतरी पिढ्या काचेमागे जन्मल्या. तिला परत पाठवायला कुठलंच रान नाही. म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम या तिच्या मूळ मुलखात तिची जात कातडीसाठी, मांसासाठी आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडली जाऊन इतकी घटली आहे की आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये करावी लागली. पिल्लं नव्याने पैदा करून विकणं मला पटत नाही. पण जी जन्मली आहेत, त्यांचं कुणीतरी करायलाच हवं.

खोली तयार करायला आम्हाला तिच्या निवडीपेक्षा जास्त वेळ लागला. आमचं घर जुन्या पद्धतीचं, विटांच्या रांगेतलं. पुढे बसायची खोली, मागे जेवायची. जेवणाचं टेबल गेलं. मागच्या खोलीची एक पूर्ण भिंत पेटीने घेतली. साडेतीन मीटर लांब. भिंतीला आणि छताला थर्माकोलचे जाड थर, पुढे कडक काच, काचेला कुलूप. कुलूप महत्त्वाचं. अजगर बुद्धीने दार उघडत नाही, पण त्याचं सगळं शरीर म्हणजे एक अखंड स्नायू आहे, आणि ज्या फटीतून नाक जातं तिच्यावर तो रात्रभर जोर लावतो.

आणि ऊब. ही गोष्ट ज्याने समजून घेतली नाही त्याने अजगर आणू नये. त्याच्या शरीरात स्वतःची आग नाही. पेटीच्या एका टोकाला 32 अंश, दुसऱ्या टोकाला 26, आणि मधला प्रदेश तिने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. जेवल्यावर ती उबेला जाऊन पडते, कात टाकायच्या दिवसांत दमट कोपऱ्यात, एरवी कुठेतरी मध्ये. तिला दुसरीकडे जायची सोय ठेवणं हे उबेइतकंच गरजेचं आहे. नुसती गरम पेटी म्हणजे भट्टी. म्हणून दोन थर्मोस्टॅट, एक बिघडला तर दुसरा. म्हणून वीज गेली तर काय, याचा विचार नोव्हेंबरच्या आधी करून ठेवायचा. इथली जानेवारीतली एक रात्र, बंद पडलेला एक हीटर, आणि छातीत कफ धरायला तेवढं पुरतं.

याच प्राण्याबद्दल एक गोष्ट मी वाचली आणि अनेक दिवस तिच्याच विचारात होते. अंडी घातली की अजगराची मादी त्यांच्याभोवती वेढा घालून बसते आणि दोन महिने जवळजवळ उठत नाही. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात अशा एका मादीचं तापमान मोजलं गेलं. 1841 साली ते प्रसिद्ध झालं. आजूबाजूच्या हवेपेक्षा तिचं अंग कितीतरी गरम होतं. लोकांचा विश्वास बसेना, कारण थंड रक्ताच्या जनावराला हे जमतच नाही असं सगळे धरून चालले होते. पुढे सव्वाशे वर्षांनी, 1966 मध्ये, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर नीट प्रयोग झाले आणि उत्तर मिळालं. ती थरथरते. अंगाचे स्नायू एकसारखे आक्रसवून, स्वतः काही न खाता, साठवलेली चरबी जाळून ती अंड्यांना उबवते. जिच्याकडे आग नाही ती पोरांसाठी आग निर्माण करते. मागच्या खोलीतल्या त्या दोन थर्मोस्टॅटकडे मी त्यानंतर नुसती यंत्रं म्हणून बघू शकले नाही.

तिला आणलं ते मार्चमध्ये. केंद्रातल्या दोघांनी आणि आम्ही दोघांनी मिळून पेटी उचलली. आत सोडलं. काच लावली, कुलूप लावलं, काचेवर चादर टाकली आणि बाहेर आलो. तिचं स्वागत एवढंच.

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला ‘अजून एक घ्याच’ म्हणत वाढत राहतात; नको म्हणेल त्याच्या ताटात तूप ओततात. अजगराचं सगळं याच्या उलट. पहिले कित्येक दिवस हात लावायचा नाही. खायला घालायचं नाही. उगाच आत डोकावायचं नाही. त्याला वास ओळखीचे व्हायला हवेत, पायांची कंपनं ओळखीची व्हायला हवीत. फरशीतून येणारी आपली चाल तो हनुवटीने ऐकत असतो. लपायची जागा त्याच्या अंगाला घट्ट बसेल अशी हवी, कारण त्याला मोकळेपणात निर्धास्त वाटत नाही, दाटीत वाटतं. मी रोज सकाळी आत जाऊन पाणी बदलायचे. पाण्याचं टब मोठं, तिचं सगळं अंग मावेल असं; ती त्यात तासन्‌तास बुडून राहते आणि बहुधा त्यातच घाण करते, तेव्हा ते उपसणं, धुणं, जंतुनाशकाने पुसणं, पुन्हा भरणं हे पाळण्यातलं खरं काम. सापांच्या पोटात साल्मोनेला असू शकतो, म्हणून हात कोपरापर्यंत धुवायचे. हे सगळं करताना ती लाकडी खोक्यातून नुसती नाकाचं टोक बाहेर काढून असायची. मी बोलायचे नाही. माझं बोलणं ऐकून तिला काही आनंद होणार नव्हता, आणि स्वतःला बरं वाटावं म्हणून बोलणं मला नको होतं.

जवळीक दाखवायची तीव्र इच्छा आवरून धरणं हाही एक प्रकारचा जिव्हाळा आहे, हे मला त्या आठवड्यांत शरीराने कळलं. हात पुढे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे.

पहिलं जेवण तिने आल्यानंतर बऱ्याच दिवसांनी घेतलं. ससा, गोठवलेला, रात्रभर वितळवलेला, मग गरम पाण्यात उबवलेला. अजगराच्या ओठांच्या खवल्यांत ओळीने खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब दिसते. काळोख असला तरी त्याच्या समोर गरम काय आणि गार काय याचं चित्र तयार असतं. म्हणून सशाला ऊब हवी, आणि म्हणूनच खाण्याच्या वेळी आपला हात कुठे आहे याचं भान हवं, कारण हातही गरमच असतो. लांब चिमट्याने ससा आत धरला. ती हलली नाही. जीभ एकदा, दोनदा. आणि मग जे झालं ते मला दिसलंच नाही, इतकं ते जलद होतं. दिसलं ते फक्त नंतरचं, ससा तिच्या तीन वेढ्यांत. अजगर भक्ष्याला गुदमरवून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. 2015 मध्ये बोआ सापांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की वेढ्याच्या दाबाने आधी रक्ताभिसरणच बंद पडतं, काही सेकंदांत. माझा ससा आधीच मेलेला होता, पण तिच्या शरीराला ते माहीत नव्हतं. ती कितीतरी वेळ धरून बसली होती आणि त्याचे ठोके ऐकत असावी.

जेवणानंतर तिच्या आत जे घडतं ते मला आजही थक्क करतं. उपाशी काळात अजगर आपली आतडी, यकृत, सगळं आवरून लहान करून ठेवतो, उगाच इंधन जळू नये म्हणून. भक्ष्य पोटात गेलं की सगळं पुन्हा उभं राहतं. हृदयाचं वजनसुद्धा दोन-तीन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. बर्मी अजगरातलं हे निरीक्षण 2005 साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून माणसाच्या हृदयाचे अभ्यासक या प्राण्याकडे वळले. पचन संपलं की हृदय पुन्हा लहान. त्या दिवसांत तिला हलवायचं नाही; घाबरली तर सगळं ओकून टाकेल आणि तो मोठा ताण असतो. बाहेरून बघणाऱ्याला एक सुस्त वेटोळं दिसतं. आत अख्खं घर बांधून होत असतं आणि पाडून होत असतं.

सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे तीन महिने राहायला येतात. पैठणकडच्या, गळ्यात तुळशीची माळ. या घरात आता मागच्या खोलीत अजगर आहे आणि गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीझरमध्ये ससे आहेत, हे तिकीट काढायच्या आधी त्यांना सांगणं आम्हाला भाग होतं. नवऱ्याने सांगितलं. फोनवर त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग मला फोन द्यायला सांगितला.

‘तिला दुसरं काही चालत नाही का गं?’

‘नाही आई. तिचं शरीर दुसरं पचवूच शकत नाही.’

‘मग तिचा काय दोष,’ त्या म्हणाल्या, आणि आल्या.

जेवणाच्या दिवशी त्या मागच्या खोलीत जात नाहीत. एरवी रोज सकाळी एकनाथी भागवताची पोथी घेऊन त्याच खोलीत बसतात, कारण घरात तीच सगळ्यांत उबदार आहे. पहिल्यांदा तिला काचेतून बघितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. ‘अगं, ही तर अवधूताची गुरू,’ म्हणाल्या. अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, आणि मग अजगर. अजगर अन्नामागे धावत नाही. जे आपोआप समोर येतं, गोड असो की बेचव, थोडं असो की फार, ते घेतो. आलं नाही तर पडून राहतो. यदृच्छेने मिळेल त्यावर जगणं अवधूत त्याच्याकडून शिकला.

त्या पोथी वाचायच्या आणि मी बाजूला टब धुवायची, आणि हा विचार माझ्या मनात रुतून बसला. संगमेश्वरच्या राईतल्या अजगराला हे लागू आहे. त्याच्या वाटेवर भेकर येईल किंवा येणार नाही, पाऊस पडेल किंवा पडणार नाही. पण या खोलीत आपोआप काहीच येत नाही. इथला सूर्य मी लावते आणि मी विझवते. इथला पाऊस माझ्या फवारणीच्या बाटलीतून पडतो. ससा कधी यायचा, केवढा यायचा, हे माझ्या वहीत लिहिलेलं असतं. ती मात्र अजूनही अजगरच आहे. ती मागत नाही, भुंकत नाही, दाराशी येऊन ओरडत नाही. महिनाभर काही मिळालं नाही तर महिनाभर पडून राहील. दोन महिने मिळालं नाही तर दोन महिने. तिच्या जातीने तिला एवढंच शिकवलं आहे की जे येईल ते घ्यायचं. तिची यदृच्छा म्हणजे मी. एका जिवाचं दैव होऊन बसणं ही साधी गोष्ट नाही. कुत्र्याला उपाशी ठेवणाऱ्याला कुत्रं रात्री झोपू देत नाही. अजगराला विसरणाऱ्याला काहीच त्रास होत नाही.

हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, काचेकडे बघितलं. ‘मग तुला चुकायची सोय नाही,’ म्हणाल्या, आणि पुढचा अध्याय लावला.

चुकलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या चुका नकाशावर दिसतात. अमेरिकेत बर्मी अजगर हजारोंनी पाळले गेले. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या पाणथळ रानात ते कुणी नेऊन सोडले, काही 1992 च्या अँड्र्यू वादळात पैदास केंद्र उद्ध्वस्त झालं तेव्हा मोकळे झाले असं मानतात. ऊब होती, पाणी होतं, खायला मुबलक होतं. 2000 च्या सुमाराला त्यांची वस्ती तिथे रुजल्याचं मान्य झालं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॅकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त घटलं होतं, ओपॉसमचंही जवळपास तेवढंच, बॉबकॅटचं 87 टक्क्यांनी. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने या अजगराची आयात बंद केली. तोवर फार उशीर झाला होता, आणि आता तिथे त्याच अजगराला मारायला माणसं पगारावर ठेवली आहेत. मूळ देशात दुर्मीळ, परमुलखात उपद्रवी. दोन्हीकडे मरतो तोच. इंग्लंडमध्ये सोडलेला अजगर रान खात नाही. तो पहिल्या थंडीत कचऱ्याच्या पेट्यांमागे गारठून मरतो. सोडणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो, फक्त हवामान वेगळं.

धोका आहे का, असं सगळे विचारतात. आहे. घरी पाळलेल्या मोठ्या अजगरांनी माणसांचे जीव घेतले आहेत, इथेही आणि अमेरिकेतही, आणि जो हे सांगायचं टाळतो त्याच्याकडून अजगर घेऊ नये. तिला राग येत नाही, डूख धरणं तिला ठाऊक नाही. पण हाताला सशाचा वास असला, किंवा भुकेच्या दिवशी काच अचानक सरकली, तर ती चूक करू शकते, आणि 38 किलोची चूक एकट्याने सोडवता येत नाही. म्हणून काच उघडायची ती दोघं असतानाच. म्हणून आधी लांब आकडीने तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे तिला कळतं की हे जेवण नव्हे. हे ती शिकली आहे. आकडी लागली की तिचं डोकं खाली येतं, मान सैल पडते. या घरात तिने आमच्याकडून घेतलेलं हे एकच.

ती आम्हाला ओळखते का, तर माझ्या वासाला ती सरावली आहे; नवीन माणूस आला की जीभ जास्त वेळा बाहेर येते, मी आत गेले की कमी. याहून जास्त काही मी तिच्या नावावर लिहिणार नाही. कधी बाहेर काढलं की ती माझ्या मांडीवरून, खांद्यावरून जाते, मी उबदार आहे म्हणून थोडा वेळ थांबते. ते वजन अंगावर असताना मला एक विलक्षण समाधान असतं आणि ते सगळं माझं असतं. तिच्याकडून मी ते मागितलेलं नाही. कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हा तिला नीट दिसत नाही आणि आम्ही काचेवर पुन्हा चादर टाकतो. मग एका रात्री ती सगळी कात एका सलग तुकड्यात उतरवते, डोळ्यांवरच्या पारदर्शक झाकणांसकट, आणि थोबाडाच्या टोकाशी, त्या जुन्या वणाच्या जागी, कातीला दरवेळी एक लहानसं भोक असतं.

ती अकरा वर्षांची आली, मी सेहेचाळीस. हिशेब केला तर साठीपर्यंत ती माझ्याबरोबर आहे, कदाचित पुढेही. मृत्युपत्र करताना वकिलाने घर आणि पैशांचं विचारलं. मी तिच्यासाठी वेगळा कागद केला. कोण नेणार, खर्च कुठून, खाण्याची वही कुठे. ज्या केंद्रातून आणलं तिथलीच एक मैत्रीण तयार झाली आहे, तिच्याकडे जागाही आहे.

या दिवाळीला आम्ही गावी जातो आहोत. ती मैत्रीण आणि तिचा मुलगा रोज येऊन जातील. मागच्या खोलीच्या दारावर मी कागद चिकटवला आहे. गरम टोक 32, थंड टोक 26. दोन्ही आकडे बघून वहीत लिहा. एक थर्मोस्टॅट बंद दिसला तर दुसरा चालू आहे याची खात्री करा आणि मला फोन करा, तिकडे रात्र असली तरी चालेल. दोघं असल्याशिवाय काच उघडू नका. आम्ही परत येईपर्यंत खायला घालायचं नाही. ती मागणार नाही. पाणी मात्र रोज बघा.